पश्चिमेला पाठ

आण ती यादी इकडे, युराइमा.
चष्मा कुठे ठेवला मी...
असू दे, तूच वाच.

कलिंगड?
खोड.
पाकिटावरच्या चित्राला भुललीस.
बी विकणारा बसलाय सान्तियागोत,
त्याला काय ठाऊक, पुन्ता अरेनासचा वारा
वाळत घातलेले कपडे नेत नाही,
दोरीच नेतो.

मका.
थांब. नाही, खोड.
स्तिपेने तीन वर्षं लावला होता.
गुडघ्याएवढा झाला की आडवा,
आणि हा त्याला काठ्या बांधत बसायचा,
मोडल्या पायाला प्लास्टर घालावं तसा.

गाजर राहू दे. जमिनीखाली वाढतं ते सगळं राहू दे.
इथे डोकं वर काढायचं तर आधी कुंपण हवं,
आणि रोप लावताना आपण
पश्चिमेला पाठ करून बसायचं,
वारा तिकडून येतो. तेवढा वेळ
तूच त्याची भिंत.

बटाट्याचं मी ठरवत नाही.
ते पलीकडचे दोन अबेलार्दो ठरवतात.
चिलोए बेटावरचा माणूस,
ऑक्टोबर लागला की पिशवी घेऊन दारात.
जांभळे, वेडेवाकडे, बोटांसारखे बटाटे,
एकेकाचं नाव सांगतात,
पुतण्यांची ओळख करून दिल्यासारखं.
ऐकून घ्यायचं. चहा द्यायचा.
डोळे वर ठेवून पुरायचे.

रुबार्ब नाही तुझ्या यादीत?
नसणारच.
तो मीही लावलेला नाही, आईने लावला,
तिच्या आईच्या गड्ड्याचा तुकडा तोडून.
पानं विषारी. देठ खायचे,
तेही साखरेला हात आखडता न घेता.
जाशील तेव्हा तुकडा देईन.
जा म्हणत नाहीये मी. माणसं घरं बदलतात, एवढंच.

काचेची खोली बघितलीस ना मागची?
पाडलेल्या शाळेच्या खिडक्या आहेत त्या.
एका काचेवर कुणा पोराने खिळ्याने कोरलंय: रेमिखिओ.
सकाळी त्याचं नाव लेट्यूसवर पडतं.
तिथे पालक लाव, कोथिंबीर लाव,
टोमॅटोचं एकच रोप, फार लाड नकोत.
मार्चात हिरवेच तोडायचे,
वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या मोज्यांच्या खणात.
पिकतात. सावकाश, रुसल्यासारखे.

आणि हे शेवटचं काय? पुन्हा वाच.
गोड मिरची?
मिरची, आणि गोड?

"तिखट नसते," म्हणालीस, "नुसता वास.
कुमानात त्याशिवाय घेवडा शिजत नाही."
बी कुठून आणलंस?
"स्वेटरच्या शिवणीतून. अकरा."
म्हणजे विमानतळावरच्या त्या कुत्र्यालाही
वास आला नाही तर.
खोड, म्हटलं मी.
तुझं पेन हललं नाही. चष्मा नसला
तरी एवढं दिसतं.

जानेवारी आहे आता.
तू मासळीच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
हे तुला कोण सांगणार?
अकरातल्या दोन उगवल्या, त्यातली एक जगली.
इथे गॅस तेवढा स्वस्त, म्हणून शेगडीजवळची खिडकी तिला दिली.
तिथली जिरेनियमं न्हाणीघरात हलवली,
चाळीस वर्षांत पहिल्यांदा. रागावलीत.
साडेदहा वाजले तरी उजेड विझत नाही,
मिरचीला झोप लागत नसेल
म्हणून पडदा ओढते, मग हवा हवी म्हणून सारते,
पुन्हा ओढते.

आज फूल आलं.
पांढरं, खाली मान घालून, शर्टाच्या बटणाएवढं.
घरात मधमाशी कुठली?
तुझा भुवयांचा ब्रश घेतला, न विचारता,
आणि फिरवला आत हळूच,
पावडर लावतात तसा.
फळ धरेल की नाही, कोण जाणे.
स्तिपे हसला असता मला. हसू दे.

यादी अजून फ्रिजवर आहे.
जे खोडायचं ते सगळं खोडलंय.
शेवटची ओळ तेवढी राहिली.
चष्मा सापडत नाहीये.